घुबड नव्हे, होला

उत्तर अमेरिकेत घराच्या अंगणात, विजेच्या तारेवर पहाटेपासून एक खोल, उदास घुमणे सुरू होते. तिथे नव्याने राहायला आलेल्यांना ते हमखास घुबडाचे वाटते. प्रत्यक्षात घुमत असतो ‘मॉर्निंग डव्ह’, आपल्याकडच्या होल्याचा भाऊबंद. नावातले ‘मॉर्निंग’ सकाळचे नव्हे, शोकाचे. या उदास सुरावरूनच ते पडले.

अनोळखी साद ओळखताना वेळ, जागा, लय आणि चढउतार टिपावेत. या होल्याची साद ‘कु-ऊऽऊ, कू, कू, कू’ अशी असते. सुरुवातीलाच सूर वर चढून खाली येतो; मग दोन-तीन संथ हुंकार एकाच पट्टीत येतात. ग्रेट हॉर्न्ड घुबडाच्या घुमण्यात असा चढ नसतो आणि ते मुख्यतः रात्री ऐकू येते. दुसरी खूण पंखांची: होला भुर्रकन उडाला, की शिट्टीसारखा आवाज होतो.

कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे मोफत अ‍ॅप २०२१पासून आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. मात्र मॉकिंगबर्डसारखे पक्षी इतरांच्या हुबेहूब नकला करतात. म्हणून शेवटची खात्री डोळ्यांनीच करावी. फिकट तपकिरी अंग, पंखांवर काळे ठिपके आणि लांब, टोकदार शेपटी दिसली, की ओळख पक्की.