पुण्याच्या उन्हाचा हिशेब

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



छपरावर सौर पॅनेल बसवायचे म्हटले की विक्रेता उन्हाची वर्षभराची सरासरी सांगतो आणि आपण मान डोलावतो. त्या सरासरीच्या पोटात काय दडलेले असते, ते आज पाहू. शाळा-कॉलेजातले गणित त्याला पुरते.

पुणे साधारण 18.5 उत्तर अक्षांशावर आहे. वातावरणाच्या वर, जेथे ढग नाहीत की धूळ नाही, तेथे दर चौरस मीटरला जुलैच्या मध्यास दिवसाकाठी सुमारे 10.8 युनिट ऊर्जा पोहोचते. जानेवारीच्या मध्यास सुमारे 7.7. हे आकडे अक्षांश, तारीख आणि त्रिकोणमिती यांतून निघतात, त्यांत वादाला जागा नाही. म्हणजे वर पाहिले तर जुलै श्रीमंत.

जमिनीवर काय उरते? अँगस्ट्रॉम यांनी 1924 साली यासाठी एक सोपे सूत्र मांडले आणि प्रेस्कॉट यांनी 1940 मध्ये त्याला आजचे रूप दिले. दिवस किती तासांचा आणि त्यांपैकी लख्ख ऊन किती तास, हा अपूर्णांक काढा. त्याच्या निम्म्यात पाव मिळवा. आलेल्या संख्येने वरच्या ऊर्जेला गुणा. समजा, जुलैत 13 तासांच्या दिवसात 3 तास ऊन पडले, तर हाती जेमतेम 4 युनिट येतात. जानेवारीत 11 तासांपैकी साडेनऊ तास पडले, तर 5.2. श्रीमंत जुलै खाली येईपर्यंत गरीब होतो!

मात्र हे ‘पाव’ आणि ‘निम्मे’ म्हणजे स्थानिक मोजमाप नसेल तेव्हा वापरायचे सर्वसाधारण आकडे आहेत. मुंबईची दमट हवा वेगळी, पुण्याची वेगळी. प्रत्येक गावचे खरे आकडे प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागतात. हे कष्टाचे काम आपल्या देशात ॲना मणी (1918-2001) या विदुषींनी केले. हवामान खात्यात पुण्याला असताना त्यांनी ही उपकरणे देशातच तयार करविली आणि 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास मोजणी केंद्रांचे जाळे उभे केले. त्यांचा सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ 1980 मध्ये निघाला. मुलींना भौतिकशास्त्र झेपेल का, असे विचारणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता उपग्रहांची ढगांची चित्रे आणि तापमान, आर्द्रता यांच्या नोंदी संगणकाला देऊन अंदाज काढतात. संगणक जुन्या नोंदींवरून शिकतो. त्या नोंदींत कोरडे दिवस पुष्कळ आणि पावसाळ्याचे तुटक असले, तर तो मार्चचे ऊन अचूक सांगेल आणि जुलैला फसेल. गंमत अशी की वर्षाच्या सरासरीत ही चूक सहसा नजरेला येतच नाही. पण ज्याने सरासरीवर विसंबून बॅटरी घेतली, त्याच्या घरी सलग चार ढगाळ दिवसांनंतर अंधार होतो.

म्हणून विक्रेत्याकडे बारा महिन्यांचे बारा आकडे मागा. जुलै-ऑगस्टचे आकडे कोणत्या नोंदींवरून काढले, तेही विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आई-वडील कागदावर सही करण्यापूर्वी ते आकडे वरच्या सूत्राने एकदा स्वतः पडताळून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.