नाट्यपद लोकांच्या ओठी नेणारे मास्तर कृष्णराव
(चारठाणा, जि. परभणी येथील व्याख्यानाचा मजकूर)



चारठाण्यात बोलावयाचे आणि विषय निवडावयाचा संगीत रंगभूमीचा, हे प्रथमदर्शनी काहीसे आडवळणाचे वाटेल. जिंतूर तालुक्यातील हे गाव ओळखले जाते ते प्राचीन मंदिरांसाठी आणि आभाळात शिरलेल्या कोरीव स्तंभासाठी. येथे येणारा अभ्यासक साहजिकच दगडाविषयी बोलतो. परंतु दगडातील कला जागेवर उभी असते. ती पाहावयाची तर माणसाला तिच्यापर्यंत यावे लागते. गाण्याचे तसे नाही. जेथे नाटकगृह नाही, जेथे मोठी नाटक कंपनी कधी उतरली नाही, अशा गावीही गाणे पोहोचते. ते कसे पोहोचते आणि पोहोचावे म्हणून वाटेत त्याला काय टाकून द्यावे लागते, हा प्रश्न ज्या संगीतकाराच्या साऱ्या आयुष्यातून दिसतो, ते म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

आडनावच मराठवाड्यातले. फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कृष्णरावांचा जन्म मात्र २० जानेवारी १८९८ रोजी आळंदी येथे झाला. ज्ञानदेवांच्या समाधीच्या गावी जन्मलेल्या मुलाच्या कानावर टाळमृदंगाचा नाद पडला नसता तरच नवल. बालवयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. तेथे सवाई गंधर्वांचे मार्गदर्शन लाभले. पुढे गुरू मिळाले ते पं. भास्करबुवा बखले.

भास्करबुवा म्हणजे त्या काळातील विद्येचा त्रिवेणी संगम. फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तीन थोर उस्तादांकडे त्यांनी तालीम घेतली होती. ही घराणेदार विद्या त्यांनी गंधर्व नाटक मंडळीच्या 'स्वयंवर' नाटकाला १९१६ साली उघड्या हाताने दिली. तत्पूर्वी अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्यातील चाली साकी, दिंडी, कीर्तन आणि कर्नाटकी वळणाच्या होत्या. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचा नखरा आणला. भास्करबुवांनी त्यापुढे जाऊन ख्यालाचे वैभवच रंगमंचावर उभे केले.

हे वैभव थोर होते. पण त्याचे ओझेही होते. पद रंगू लागले की नाटक थांबे. बालगंधर्वांसारखा गळा, समोर भान हरपलेले प्रेक्षक, एकामागून एक 'वन्समोअर' आणि पहाट होईपर्यंत चाललेला प्रयोग! ज्यांनी हे ऐकले ते धन्य झाले, यात शंका नाही. परंतु असे पद घरी घेऊन जाणे अवघड असे. ऐकणाऱ्याला मोहून टाकणारे गाणे आणि ऐकणाऱ्याला गाता येणारे गाणे यांत अंतर पडत चालले होते.

१९२२ साली भास्करबुवांचे निधन झाले आणि गंधर्व मंडळीतील संगीताची धुरा त्यांच्या शिष्यावर आली. कृष्णराव स्वतः मैफलीचे गवई. तान, लयकारी, बोलांशी चाललेली मिस्कील लाडीगोडी, साऱ्यांत तरबेज. गुरूचीच वाट पुढे रेटणे त्यांना सोपे होते, आणि आरंभी ते त्याच वाटेने गेलेही. १९३१ च्या 'कान्होपात्रा' नाटकात मात्र काही वेगळेच घडले.

कान्होपात्रा ही मंगळवेढ्याची संत. गणिकेच्या पोटी जन्मलेली ही मुलगी पंढरीच्या विठ्ठलाला शरण गेली. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने देवाच्या पायीच देह ठेवला, अशी तिची कथा. ती बालगंधर्व रंगवणार होते. अशा नायिकेच्या तोंडी पेचदार बंदिशीची चाल घातली असती तर टाळ्या पडल्या असत्या, पण कान्होपात्रा हरवली असती. कृष्णरावांनी तिच्या अभंगांना भजनाच्या अंगाची चाल दिली. रागाचा धागा सुटला नाही. मात्र शब्द पुढे आला आणि स्वर त्याच्या मागून चालू लागला. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला ही चाल मुद्दाम शिकावी लागली नाही. ती त्याला ओळखीचीच वाटली. शास्त्र जाणणारा त्यात राग शोधतो, न जाणणारा नुसता गातो. दोघांचेही समाधान करणारी चाल बांधणे हे तानांच्या फैरींहून कठीण काम आहे, हे पेटीवर बोटे फिरवणाऱ्या कोणालाही पटेल.

याच सुमारास बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांवर संक्रांत आली. पडदे, पोशाख आणि पन्नासपाऊणशे माणसांचा संसार घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. कृष्णराव प्रभात फिल्म कंपनीत गेले. १९३५ चा 'धर्मात्मा' हा त्यांचा तेथील आरंभीचा बोलपट. पैठणच्या एकनाथांचे चरित्र, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, आणि विषय अस्पृश्यतेचा. मराठवाड्याच्या संताची करुणा संगीतबद्ध करण्याचे काम फुलंब्रीकरांच्या हाती यावे, हा योग मोठा मनोहर होय. त्यानंतर 'अमरज्योती', 'गोपालकृष्ण', 'माणूस' आणि १९४१ चा 'शेजारी' असे बोलपट झाले. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मिळत. त्या तीन मिनिटांत मुखडा, अंतरा आणि भाव बसवावयाचा, ही मोठी शिस्त होती. 'शेजारी'तील समूहगीतात तर त्यांनी एकट्या गायकाचा मान काढून तो अवघ्या गावाला दिला.

रंगभूमीला त्यांनी या शिस्तीचे व्याज परत केले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' हे नाटक आणले. नायिका ज्योत्स्नाबाई भोळे. घरातील दिवाणखाना, आजची माणसे, आटोपशीर प्रयोग आणि मोजकी पदे. कृष्णरावांच्या त्यातील चाली सुटसुटीत आहेत आणि घरातल्या बाईने सहज गुणगुणाव्यात इतक्या जवळच्या आहेत. काही जुन्या रसिकांना हे संगीत हलके वाटले असेल. पण संगीत रंगभूमी संपली असे म्हटले जाण्याच्या दिवसांत तिचे प्राण टिकले ते अशा आटोपशीर पदांमुळे, हेही खरे.

त्यांची आणखी एक झुंज मराठवाड्याच्या माणसाला विशेष समजेल. 'वंदे मातरम्'ला त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि ते गीत आपल्या मैफलींतून गाण्याचे व्रत घेतले. परकीय अंमलात आकाशवाणीवर ते गाण्यास मज्जाव झाला, तेव्हा त्यांनी आकाशवाणीवरच बहिष्कार घातला. नामवंत गवयाने त्या काळी रेडिओ सोडणे म्हणजे घरच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होते. इकडे निजामी राजवटीत, १९३८ साली, औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत हेच गीत गाण्याचा हट्ट धरला. शेकडो मुलांची नावे महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. एका गाण्यासाठी शिक्षणावर निखारा ठेवणारी ती मुले आणि गाण्यासाठीच ध्वनिक्षेपक सोडणारा हा गवई एकमेकांच्या ओळखीचे नव्हते. लढत मात्र एकच होते.

स्वातंत्र्यानंतर आक्षेप निघाला की 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर वाजविण्यास अवघड आहे. कृष्णरावांनी वाद सोडून पेटी घेतली. बँडवर वाजेल आणि जनसमूहाला एकसुरात गाता येईल, अशी स्वररचना त्यांनी तयार केली व दिल्लीत तिचे प्रात्यक्षिक दाखविले. राष्ट्रगीत म्हणून निवड झाली ती 'जनगणमन'ची. मात्र २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'वंदे मातरम्'लाही समान सन्मान राहील, असे जाहीर केले. मास्तरांच्या पदरी संपूर्ण यश पडले नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि अवघड समजल्या गेलेल्या गीताची सोपी वाट त्यांनी काढून दाखविली होती.

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. नव्याने धम्माकडे वळणाऱ्या लक्षावधी माणसांना एकत्र म्हणता येईल अशी ती चाल हवी होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्या सामूहिक वंदनेसाठी एका वैदिक घराण्यातील गायकाने पेटीपुढे बसावे, याचे मोल पदकांत होणारे नव्हे. 'कान्होपात्रा'त सापडलेली हातोटी येथे अगदी वेगळ्या कारणी लागली.

मानसन्मान पुढे आले. १९७१ साली पद्मभूषण मिळाले, नंतर संगीत नाटक अकादमीने फेलोशिप दिली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. पण वारसा आधीच वाटला गेला होता. त्यांचे शिष्य पं. राम मराठे यांनी १९६३ च्या 'मंदारमाला'त नायक आणि संगीतकार अशी दुहेरी भूमिका पार पाडली. त्याच्या पुढल्याच वर्षी पं. जितेंद्र अभिषेकी यांचे 'मत्स्यगंधा' आले. त्यातील पदेही आटोपशीर आहेत आणि नाट्यप्रसंगाशी इमान राखतात. अभिषेकींचा बाज सर्वस्वी त्यांचा स्वतःचा. परंतु मोजक्या पदांत राग आणि भाव दोन्ही मावतात, ही खात्री मराठी प्रेक्षकाला 'कुलवधू'पासूनच होती.

मराठवाड्यातील बहुसंख्य श्रोत्यांनी गंधर्व मंडळीचा प्रयोग कधी पाहिला नाही. त्यांच्यापर्यंत मास्तर आले ते ध्वनिमुद्रिकेतून, तंबूतल्या सिनेमातून आणि परभणीच्या आकाशवाणी केंद्रावरून. पुढे ती गाणी या वाहनांवाचूनही हिंडू लागली. एखाद्या गावी सप्ताहाच्या रात्री भजन रंगात आलेले असते, पेटीवाला कान्होपात्रेच्या अभंगाला हात घालतो, टाळकरी मागून उचलतात. ती चाल एका नाटकातून आली आहे, हे तेथे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.