धुण्याचा सोडा

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झाली. १९११ साली तेथे अध्यापन सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या विषयांत रसायनशास्त्र होतेच. अशा कोणत्याही रसायनशाळेच्या कपाटात एक शुभ्र भुकटी हटकून आढळते. तिचे शास्त्रीय नाव सोडियम कार्बोनेट. घरोघरी तिलाच धुण्याचा सोडा म्हणतात. वऱ्हाडातील लोणार सरोवराच्या पाण्यात हा क्षार निसर्गतःच आहे.

रसायनशास्त्राच्या भाषेत हा पदार्थ लवणच होय. परंतु खाण्याच्या मिठाप्रमाणे तो उदासीन नाही. प्रबल अल्क आणि दुर्बल कार्बनिक आम्ल यांच्या संयोगातून तो बनत असल्यामुळे त्याचे द्रावण अल्कधर्मी असते. तांबडा लिटमस त्यात निळा होतो. तेलकट मळही सुटतो.

सोड्याच्या स्फटिकांत एक गंमत दडलेली आहे. त्यांच्या २८६ भार भागांपैकी १८० भाग निव्वळ पाणी असते. म्हणून रसायनज्ञ निर्जल सोडा घेतो, तो सुमारे २७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, कोरड्या हवेत निववतो आणि मगच तोलतो. असा ५३ ग्रॅम सोडा पाण्यात विरघळवून द्रावण एक लिटर केले, की त्यावरून अज्ञात आम्लाची तीव्रता अचूक ठरविता येते. तोलात चूक झाली, तर पुढील सारे गणित चुकते.

घरातील प्रश्न निराळा आहे. बंगळुरात अनेक ठिकाणी विंधन विहिरींचे पाणी कठीण असते. त्यात साबणास फेस येत नाही. सोडा त्या पाण्यातील कॅल्शियम खडूच्या रूपाने खाली बसवितो व साबणाची बचत करतो. हेच कार्य धुण्याच्या काही पावडरींतील फॉस्फेट करते; परंतु सांडपाण्याबरोबर तलावात गेल्यावर ते शेवाळाचे व जलपर्णीचे खाद्य बनते. बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावरील फेस २०१५ साली रस्त्यावर उडाला, इतकेच नव्हे, तर पेटलाही. त्या फेसामागे शहराचे सांडपाणी व त्यातील प्रक्षालके होती. सोड्यात फॉस्फरस नाही, हा त्याचा मोठा गुण.

तथापि सोडा सर्वत्र चालत नाही. रेशीम व लोकर ही प्राणिज प्रथिने. अल्काने त्यांचे तंतू दुबळे होतात. बंगळुरी रेशमी साडी सोड्यात भिजविणे म्हणजे तिचे आयुष्य घटविणे. ॲल्युमिनियमची भांडी त्याने काळवंडतात, हातांची त्वचाही रुक्ष होते. सुती कपड्यांसाठी मात्र, बेताच्या प्रमाणात, हा स्वस्त क्षार आजही उत्तम सेवक आहे. रसायनशाळेप्रमाणे घरीही तो मोजूनच घ्यावा.