कोकणातला बीच निवडताना आधी कालनिर्णय, मग इन्स्टाग्राम

हेडफोन लावा, आज समुद्रावर बोलायचंय. हो, वर्ध्याचा माणूस समुद्रावर बोलतोय. हसून घ्या.

झालं असं, की मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "दादा, घरच्यांना घेऊन पहिल्यांदा कोकणात जायचंय, कोणता बीच बेस्ट?" तर बेस्ट बीच वगैरे काही नसतो. कोणाला घेऊन जाताय आणि कोणत्या दिवशी, त्यावर उत्तर बदलतं. हे मी शहाणपणाने शिकलो नाही. घाबरून शिकलो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजचे पाच जण कोकणात गेलो होतो. किनाऱ्याचं नाव घेत नाही, कारण चूक किनाऱ्याची नव्हती. रील पाहून जागा निवडलेली. आमच्यातला एक जण पट्टीचा पोहणारा, पवनारला धाम नदीत लहानपणापासून पोहलेला. तो म्हणाला, "इकडे लाटा फुटून राहिल्या, तिकडे बघ, पाणी कसं शांत आहे." आणि त्या शांत पट्ट्यात उतरला. पाच मिनिटांत त्याचं डोकं इतकं लहान दिसायला लागलं, की आमच्यातलं कोणीच काही बोलेना.

तो शांत पट्टा म्हणजेच रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच ना? ते एका अरुंद वाटेने जोरात आत जातं, आणि त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. म्हणून नवख्याला तीच जागा सगळ्यात सेफ वाटते. आता नदीवाल्याची अडचण बघा. नदीत प्रवाह काठाच्या बाजूने वाहतो, त्यामुळे काठाकडे पोहलं की आपोआप प्रवाह आडवा कापला जातो. इथे प्रवाहच काठापासून लांब नेतो. काठाकडे पोहणं म्हणजे त्याच्याशी सरळ कुस्ती, आणि त्यात माणूस दमून बुडतो. एका शहाळेवाल्या काकांनी पाण्याजवळ येऊन ओरडून सांगितलं, "आडवा जा! आडवा!" म्हणजे किनाऱ्याला समांतर. तो आडवा गेला, पट्ट्यातून सुटला, मग लाटांनीच त्याला आत आणलं. परतीच्या प्रवासात गडी एक शब्द बोलला नाही.

त्यामुळे यंदा आईबाबांना न्यायचं ठरलं, तेव्हा मी एक्सेल शीट उघडली. (सवय आहे, काय करणार.) बाबा साठीचे, सेलूजवळ शेती. आईचे गुडघे दुखतात. दोघांनीही समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. ऑफिसमधला एक जण इटलीच्या अमाल्फी किनाऱ्याचे फोटो दाखवून म्हणतो, "तिथे तर कुठेही उतरा." अरे, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक वीतभर-हातभर. आपल्याकडे उधाणाला पाणी साधारण माणसाच्या उंचीएवढं चढतं-उतरतं. सकाळी पाहिलेला किनारा संध्याकाळी तिथे नसतोच. वाळूत गाडी पार्क करून जेवायला गेलेल्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

आईला गणपतीपुळे हवं होतं. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, दर्शनाला छानच. पण तिथल्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि माझ्याबरोबर पुतणेही होते. तारकर्ली सुंदर, पण तिथली मजा बोटी आणि स्कूबाची. आई बोटीत चढणार नव्हती. दापोलीकडचं मुरुड पण लिस्टमध्ये होतं. त्यावरून एक सांगतो, मुरुड नावाने मॅपमध्ये शोधताना सांभाळा. एक दापोलीजवळ, एक जंजिऱ्याजवळ, आणि तिसरं लातूर जिल्ह्यात. तिसऱ्याला समुद्र नाही.

शेवटी गुहागर पक्कं केलं. कारण एकदम साधं. बाजारपेठेतून चालत किनाऱ्यावर जाता येतं, किनारा लांबलचक, मागे सुरूची झाडं, आणि आईला बसायला सावली. व्याडेश्वराचं देऊळ गावातच. गणपती हवा तर हेदवीचा दशभुज गणेश आहे, गाडीने तासाभरात. आई म्हणाली, "गणपती तो गणपतीच." प्रश्न मिटला.

आता तारीख. इथे खरी गंमत आहे. कोकणात जुन्या लोकांचा एक हिशोब असतो, तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. ढोबळ आहे, ॲपवर नेमकी वेळ बघाच. पण इंटरनेट नसताना कालनिर्णयावर चालणारा हा अल्गोरिदम आहे राव! अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी.

आता जोडा. मला संध्याकाळी चार-पाचला घरच्यांना पाण्याजवळ न्यायचंय. ओहोटीला पाणी आत ओढतं, म्हणून चढतं पाणी हवं. ते पण सावकाश चढणारं. उत्तर अष्टमी. सुट्टीचा अर्ज अष्टमी पाहून टाकला. मॅनेजरला कारण सांगितलं नाही.

याची किंमत पण मोजली. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद भेग. भरतीचं पाणी त्यात शिरलं की कारंज्यासारखं वर उसळतं. पुतण्यांना तेच पाहायचं होतं. आम्ही भरतीच्या वेळेलाच गेलो, पण भांगाचे दिवस, समुद्र शांत. पाणी थोडं गुरगुरलं, थोडं उडालं, संपलं. धाकटा म्हणाला, "काका, एवढंच?" एवढंच रे बाबा. मोठं कारंजं हवं तर उधाणाला ये, लांब उभा राहून बघ.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा आधी स्थानिकांना विचारलं, "कुठे उतरायचं नाही?" कुठे उतरायचं ते नाही विचारलं हं. त्यांनी हात करून एक टोक दाखवलं. मुलांना सांगितलं, पाणी गुडघ्याच्या वर नाही, फेस जिथे फुटतोय तिथेच खेळायचं. आई सुरूखाली बसली. बाबा धोतर वर खोचून घोटाभर पाण्यात उभे. बराच वेळ गप्प. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं, अन् म्हणाले, "एवढं मोठ्ठं पानी, अन् ओलिताले थेंबभर कामाचं नाही."

आणि तरी सूर्य बुडेपर्यंत बाहेर आले नाहीत. भरती पोटरीपर्यंत चढली, मीच हाताला धरून मागे आणलं.

चला, परतीच्या तिकिटाचा किस्सा पुढच्या भागात. भेटू!