भिंतीची भेग आणि यंत्राचे उत्तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहानमोठे धक्के सुरू झाले. तेव्हापासून भिंतीकडे निरखून पाहण्याची आपणां सर्वांनाच सवय जडली आहे. भेग प्रथम दिसते ती घरात वावरणाऱ्या बाईला. आणि "काही नाही, गिलाव्याची आहे" असे सांगून पुट्टी फासून जाणारा मात्र दुसराच! आमच्या बोईसरच्या भाड्याच्या खोलीत तीन वर्षांत तीनदा पुट्टी लागली. भेग पुन्हा तिथेच उमटली.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे फोटो पाहून भेग ओळखतात. भेगाळलेल्या आणि धड भिंतींची हजारो छायाचित्रे दाखवून त्यांना शिकविलेले असते. पण वायरची सावली, कोळिष्टक, फरशीचा सांधा यांनाही यंत्र भेग समजू शकते. म्हणून संशोधकांनी त्याला कारण दाखवावयास लावले. २०१६-१७ च्या सुमारास पुढे आलेल्या 'ग्रॅड-कॅम' पद्धतीत, फोटोच्या ज्या भागावरून यंत्राने निर्णय केला तो भाग लाल होऊन दिसतो. लाली भेगेवर असेल तर ठीक; पडद्यावर असेल, तर उत्तर बरोबर आले तरी भरवशाचे नाही. हे पाहावयास इंजिनियरची पदवी लागत नाही, हे मला फार आवडले.

मात्र भेग का पडली, हे ती लाली सांगत नाही. केसासारखी जाळीदार भेग बहुधा गिलावा आक्रसल्याची. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग पाया खचल्याची असू शकते. बीमच्या लांबीने गेलेली, तांबूस डागाची भेग ही आपल्या खाऱ्या वाऱ्याची देणगी. आतली सळई गंजते, गंज लोखंडाहून जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. याचा निवाडा इंजिनियरनेच करावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला, रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसे गेली. ती इमारत २०१२ च्या सुमाराची. तेव्हा "इमारत नवी आहे" या बोलण्यावर मी तरी विसंबत नाही.

घरी गेल्यावर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, शेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढा. महिन्याने तिथूनच पुन्हा काढा. भेग बीम-कॉलमची असेल, तर मात्र महिनाभर थांबू नका, लगेच इंजिनियरला बोलवा. बाकीचे फोटो पुढल्या सभेला आणा, आपण मिळून पाहू.