आफ्रिकेच्या सफारीची तयारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



विषयाचे नाव पुकारले गेले तेव्हा मागच्या रांगेतील दोन-तीन चाचा एकमेकांकडे पाहून हसले, ते मी पाहिले. त्यांचे हसणे रास्त आहे. ज्या मास्तराने स्वतः आफ्रिका पाहिलेली नाही, त्याने आफ्रिकेच्या सफारीवर बोलावे, हे जरा गमतीचेच. पण आपल्या कर्जत-खालापूर भागातील कितीतरी घरांतील कर्ती मुले आज आखातात आहेत, आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कुठे जावे याचा विचार ती करू लागली आहेत. पूर्वी हा विचार माथेरानपर्यंत जाऊन थांबत असे. आता तो केनियापर्यंत जातो. अशा एका कुटुंबाच्या प्रवासाची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात मी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी एक शब्द पाहू. ‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला आहे आणि त्याचा साधा अर्थ आहे प्रवास. तो अरबीतील ‘सफर’पासून आला. म्हणजे आपण घरात रोज बोलतो तो सफर आणि जाहिरातीतली सफारी ही एकाच मुळाची फळे आहेत. आफ्रिकाही आपल्याला तितकी परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातील जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणातले. कोकणातील मुसलमान घराणी नैरोबी, मोंबासा, केपटाऊन येथे कैक वर्षांपूर्वी जाऊन स्थायिक झाली. आणि रेल्वेचे तर काय सांगावे! कर्जतहून वर जाणाऱ्या बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, तो हजारो मजुरांच्या हाडांवर. पुढे १८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून आत लोहमार्ग टाकायला घेतला, तेव्हा तिकडेही तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातूनच नेले. त्यातील कित्येकांना १८९८ साली साव्हो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी उचलून नेले. आज त्याच साव्होत केनियाची दोन मोठी राष्ट्रीय उद्याने आहेत. दोन्ही मिळून सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपला आख्खा रायगड जिल्हा त्यात तीन वेळा बसेल.

आता मूळ हकिकत. माझा एक जुना विद्यार्थी दुबईला नोकरीस आहे. ईदच्या रजेत तो एका प्रवासी एजंटाचा कागद घेऊन माझ्या घरी आला. मुंबईहून केनिया, सात दिवसांत चार उद्याने. आई, वडील, बायको, दोन मुलगे आणि नववीत शिकणारी मुलगी असा परिवार. मोंबासाला त्याचे मामू राहतात, त्यांनाही भेटायचे होते. “सर, तुम्ही भूगोल शिकवता. हे बरोबर आहे का, बघा,” म्हणाला. मी नकाशा उघडला, पट्टी घेतली आणि रस्त्यांचे तास मांडले. नैरोबीहून मसाई मारा पाच-सहा तास, मारातून नाकुरूचे सरोवर पुन्हा तितकेच, तिथून अंबोसेलीला तर सगळा दिवस. सात दिवसांतील निम्मा उजेड गाडीतच जाणार. जनावरे दिसतात सकाळी आणि संध्याकाळी. नेमक्या त्या वेळी ही मंडळी हमरस्त्यावर! एजंटाची चूक मी म्हणत नाही. गिऱ्हाईकाला चार नावे ऐकायला आवडतात, म्हणून तो चार लिहितो. आम्ही त्यातील तीन खोडली. मारात तीन मुक्काम, मग मोंबासाच्या वाटेवर साव्हो पूर्वमध्ये दोन मुक्काम, आणि उरलेले दिवस मामूंकडे. नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, ती साव्होतूनच जाते आणि वोई येथे थांबते. एजंटाच्या कागदावर या गाडीचे नावसुद्धा नव्हते.

त्यापुढचा प्रश्न ऋतूचा, आणि इथे खरी पंचाईत आहे. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे लाखांचे कळप तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असतील. ते कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून पावसामागोमाग, गवतामागोमाग फिरत असतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात मारात असतात. त्या वेळी आपल्याकडे धो धो पाऊस आणि शाळा चालू. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे मोठा पाऊस पडत असतो. त्यामुळे दर उतरतात, पण वाटा चिखलाच्या होतात आणि गवत इतके वाढते की सिंह दहा हातांवर असून दिसत नाही. राहिली दिवाळीची सुट्टी. ती कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. नोव्हेंबरात तिकडचा लहान पाऊस सुरू होतो. शाळा बुडवून जावे काय, असे मला विचारले. मी मास्तर आहे, माझे उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीची सुट्टी लागताच निघायचे, शेवटचे काही कळप मिळाले तर मिळाले, असे ठरले. शिवाय रमजान आणि बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, तेही पंचांगात पाहून ठेवावे लागते.

खर्चाचे लपवण्यात अर्थ नाही. विमान आणि मुक्काम सोडून, मारात नुसते असण्याचेच परदेशी प्रौढ पाहुण्याला २०२४ पासून दिवसाला १०० डॉलर पडतात, आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ज्यांना इतके झेपणार नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. नैरोबी शहराला लागूनच ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ साली झालेले, केनियातले पहिले. तिथे हत्ती नाहीत, पण सिंह, गेंडे, जिराफ आहेत. एखादा दिवस नातेवाइकांकडे राहूनही ते पाहता येते.

कागदपत्रांत दोन गोष्टी विसरू नयेत. केनियाला जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा राहिलेला नाही. निघण्यापूर्वी संगणकावरून प्रवासाची परवानगी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची. केनियातून परत येताना आपल्याच सरकारला या लसीचा दाखला लागतो. लस सरकारमान्य केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. एजंटाच्या कागदात याचाही उल्लेख नव्हता. साठीच्या पुढच्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊच नये. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच वेळी विचारावे.

आणि आमचे गाडे इथेच अडले. विद्यार्थ्याच्या आईचे, म्हणजे मुलांच्या दादीचे वय सहासष्ट. डॉक्टरांनी तपासून सांगितले, यांना लस नको. झाले! घरात बैठक बसली. दादी घरी राहणार, तर तिच्याजवळ कोणी राहायचे? सगळ्यांच्या नजरा नववीतल्या मुलीकडे वळल्या. आजोबा म्हणाले, “मुलगी थांबेल. तिला काय जंगलात करायचे आहे? एक तिकीटही वाचेल.” वाईट हेतूने म्हणाले नाहीत. तुमच्या-आमच्या घरांत असेच बोलले जाते. मी बाहेरचा माणूस, चहाचा कप हातात धरून गप्प बसलो. पण मला फणसाड आठवत होते.

फणसाडचे सांगायचे राहिले. प्रवासाच्या आधी मी एक अट घातली होती, की सर्वांनी एकदा मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात जाऊन यायचे. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्यांनी राखलेले हे रान, आफ्रिकेला जाणाऱ्यांनी आधी पाहू नये काय? पहाटे कर्जतहून निघालो. थोरला नातू मोबाईलवर गाणी लावून चालला होता, धाकट्याला भूक लागली होती. त्या रानात पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. एका गाणाजवळ दादी दमून बसली, मुलगी तिच्याजवळ बसली, आम्ही पुढे गेलो. तासाभराने रिकाम्या हातांनी परतलो तेव्हा दोघी बोटाने खुणा करीत होत्या. वरच्या फांदीवर शेकरू होते, आपल्या राज्याचा प्राणी. आमच्या आवाजाने ते पळाले. मुलीने वहीत लिहून ठेवले होते: किती वाजता दिसले, कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर गेले, शेपूट कसे धरले होते. बाकी कोणाजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, माझ्याजवळही नाही.

मुलांनो, सालिम अलींचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुसलमान मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला, मामांनी वाढवला. दहा वर्षांच्या सुमारास त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ती खाणे आपल्याला चालेल का, अशी त्याला शंका आली. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका शंकेतून देशाचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. पुढे १९३० साली आपल्याच जिल्ह्यातील किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्या दिवशी मामांनी “गप्प बस, टाकून दे ती” म्हटले असते तर?

हे मी त्या बैठकीत बोललो नाही. बोलण्याची पाळी आलीच नाही. दादीच म्हणाली, “मी माझ्या बहिणीकडे पेणला जाईन दहा दिवस. शेकरू हिने मला दाखवले. हिला न्या. नाहीतर तिकडे जाऊन बघणार कोण?” आजोबा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, “तुझ्याकडे स्वेटर आहे का?”

स्वेटर लागतोच, बरे का! आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज खोटा. नैरोबी १,८०० मीटरच्या आसपास आहे, माथेरानच्या दुपटीहून उंच. पहाटे उघड्या छपराच्या गाडीत हुडहुडी भरते. सामान मऊ पिशवीत न्यावे. उद्यानात छोट्या विमानाने जाणाऱ्यांना १५ किलोच्या वर नेऊ देत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा आपली खाऊची पुडकी कापडात बांधावीत. दुर्बीण घरटी एक तरी असावी, आणि ती नेमकी थोरल्या भावाच्याच गळ्यात राहणार नाही हे आईने पाहावे. जेवणाची काळजी नको. केनियात मुसलमान वस्ती मोठी आहे आणि हलाल मिळते. मात्र मुक्कामाच्या जागी आधी कळवून ठेवावे. नमाजाचे म्हणाल तर उद्यानात वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही, ठरलेल्या जागीच उतरतात. आपण शाफई लोक. प्रवासात कसर आणि जोहर-असर एकत्र पढण्याची सवलत आपल्याला आहे. पण एका जागी चार दिवस राहण्याची नियत केली तर ती राहत नाही. म्हणून मुक्कामांचा कागद इमामसाहेबांना दाखवून, विचारून घ्यावे. आमच्या मंडळींनी तसेच केले.

मंडळी जाऊन आली. विल्डबीस्टचे मोठे कळप बहुतेक पुढे निघून गेले होते. नदी ओलांडताना एकही दिसला नाही. वडील थोडे खट्टू झाले. थोरल्याच्या मोबाईलमध्ये सिंहाची चाळीस छायाचित्रे होती, त्यांतील तीस एकाच झोपलेल्या सिंहाची. मुलीची वही मी मागून घेतली. त्यात साव्होचे हत्ती लाल का दिसतात, हे होते: ते तिथली तांबडी माती अंगावर उडवून घेतात. कळपात पुढे कोण चालते, तर म्हातारी हत्तीण, असेही होते. आणि त्याखाली एक ओळ, ‘हे दादीला सांगायचे.’ पेणहून दादी परत आली त्या रात्री ते सांगून झाले. सांगता सांगता दोन वाजले, असे तिची आई म्हणाली.

आता सर्वांना बोलावणे. हिवाळ्याचे परदेशी पाहुणे पक्षी आले आहेत. कर्नाळा अभयारण्य आपल्यापासून दूर नाही. १९६८ साली ते पक्ष्यांसाठी राखले गेले. पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे पाच वाजता शाळेच्या फाटकातून बस निघेल. बरोबर डबा, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल आणावी. मोबाईल माझ्या पिशवीत जमा होतील. एक शिक्षिका आणि दोन माता बरोबर येणार आहेत, म्हणून मुलींच्या पालकांनी निर्धास्त असावे. नावे येत्या शनिवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत. आजवर पंधरा नावे आली आहेत, त्यांत मुलींची चार. बसमध्ये बेचाळीस जागा आहेत. दादी-नानींनाही मनाई नाही. फक्त त्यांना खिडकीची जागा द्यावी लागेल, हे मुलांनी आधीच कबूल करून यावे.

खुदा हाफिज.