कर्जाची बदली



‘बदली’ हा शब्द आपल्या शिक्षकमंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. बदली झाली म्हणजे गाव बदलते, शाळा बदलते, जाण्यायेण्याचा त्रास कमी होतो किंवा वाढतो. पण शिकवण्याचे काम काही सुटत नाही. कर्जाचीही अशीच बदली करता येते. एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर साचलेली बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेता येते, आणि तेथे काही महिने व्याज कमी लागते. या व्यवहाराला बँकेच्या भाषेत ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. ही बदली केव्हा फायद्याची ठरते आणि केव्हा अंगलट येते, याचा हिशेब आज आपण करू.

शेतकरी बंधूंना ही कल्पना तशी नवी नाही. मार्च महिना आला की सोसायटीच्या पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करण्याची धावपळ गावोगाव चालते. जुने भरायचे, लगेच नवे उचलायचे. कागद नवा होतो, तारीख नवी पडते आणि माणसाला वाटते, चला, सुटलो एकदाचे! पण कर्ज होते तेवढेच राहिलेले असते. पैसे घरातून न येता चार दिवसांसाठी कोणाकडून उसने आणले असतील, तर त्याचा भुर्दंड वेगळाच.

याहूनही जुनी आठवण आपल्या मुलखात आहे. इंग्रजी अमलात १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेले व्याज त्या नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. कुणब्याच्या डोक्यावरचा भार अशा रीतीने रोख्यागणिक वाढत गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची घरेदुकाने गाठून रोखे जाळले, त्याच्या मुळाशी जी कारणे होती त्यांत हे एक मोठे होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला वेगळा कायदाच करावा लागला. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोखा नवा झाला म्हणजे कर्ज हलके झाले, असे समजण्याचे कारण नाही.

आता क्रेडिट कार्डाकडे वळू. महिन्याचे बिल आले आणि ते ठरलेल्या तारखेच्या आत पुरतेपणी चुकते केले, तर खरेदीवर व्याज लागत नाही. इथपर्यंत कार्ड सोयीचे आहे. परंतु बिलातला थोडा भाग जरी मागे राहिला, तरी ही सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. पुष्कळ कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. कार्डावर रोख रक्कम काढली, तर व्याज त्याच दिवसापासून चालू होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गुरुजींच्या कार्डावर ६०,००० रुपये बाकी आहे. थोडे दवाखान्याचे, थोडे मुलीच्या प्रवेशाचे, थोडे सणासुदीचे. महिन्याचे व्याज झाले २,१०० रुपये, त्यावर कर ३७८, एकूण २,४७८. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून समजा ३,००० रुपये छापलेले आहेत, आणि गुरुजी प्रामाणिकपणे तेवढे भरतात. त्या तीन हजारांपैकी मुद्दलात किती गेले? फक्त ५२२ रुपये! गुरुजींना वाटते, आपण हप्ता चुकवत नाही. आणि खरोखरच ते चुकवत नाहीत. पण रांजणाला भोक असले म्हणजे पाणी ओतणाऱ्याच्या प्रामाणिकपणाने रांजण भरत नाही.

हेच गुरुजी पोटाला चिमटा काढून दरमहा ६,००० भरू लागले, तर? तेरा हप्ते पुरे होतील, चौदावा लहानसा उरेल, आणि एकूण सुमारे ७९,००० रुपये जातील. म्हणजे साठ हजारांसाठी वर एकोणीस हजार.

आता बदलीचा विचार करू. समजा, दुसरी एक बँक म्हणते, “तुमची ही बाकी आम्ही भरतो. आमच्याकडे बारा हप्ते ठरवून घ्या, व्याज महिन्याला एक टक्का, आणि सुरुवातीला दोन टक्के शुल्क.” शुल्क झाले १,२००, त्यावर कर २१६. हप्ता पडेल सुमारे ५,३३० रुपये. वर्षभराचे व्याज सुमारे ३,९७०, त्यावरचा कर सुमारे ७१५. सगळे मिळून गुरुजींचे सुमारे ६६,००० रुपये जातील. एकोणऐंशी हजार आणि सहासष्ट हजार. तेरा हजारांचा फरक पडला. शिवाय महिन्याचा बोजा पहिल्यापेक्षा कमी. तेव्हा बदली ही काही फसवणूक नव्हे. नीट केली तर तिच्यात खरा लाभ आहे.

मग कोणी विचारील, बँक हे स्वस्तात का देते? बँकेला नवे गिऱ्हाईक मिळते, शुल्क मिळते, आणि आणखी एक आशा असते. मुदत संपेपर्यंत सगळे गिऱ्हाईक कर्ज फेडत नाहीत. जे उरते त्यावर नेहमीचा दर लागू होतो. बँकेची कमाई आपल्या दिरंगाईवर अवलंबून असते, आणि आपला लाभ आपल्या शिस्तीवर. हे दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले असते.

‘शून्य टक्के व्याज’ अशी जाहिरात दिसली म्हणजे तर विशेष जपावे. समजा, शून्य टक्क्याची मुदत तीन महिन्यांची आहे आणि शुल्क तेच दोन टक्के. गुरुजींनी तीन महिने सहा-सहा हजार भरले, तर अठरा हजार फिटले, बेचाळीस हजार राहिले. चौथ्या महिन्यापासून त्यांवर साडेतीन टक्क्यांनी व्याज आणि कर मिळून दरमहा सुमारे १,७३५ रुपये चालू! शून्याचा पुरता लाभ घ्यायचा, तर दरमहा वीस हजार भरण्याची ऐपत हवी. ती नसेल, तर शून्याच्या तीन महिन्यांपेक्षा एक टक्क्याचे बारा महिने बरे.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत. पहिला, शुल्क, व्याज आणि कर धरून शेवटपर्यंत एकूण किती रुपये जाणार. दुसरा, मुदतीच्या आत फिटायचे तर महिन्याला किती भरावे लागणार. तिसरा, सवलतीची शेवटची तारीख आणि त्यानंतरचा दर. हे तीन आकडे बँकेच्या माणसाकडून तोंडी न घेता लेखी मागावेत. एखादा हप्ता उशिरा गेला तर सवलत राहते की जाते, आणि बदलीची बाकी असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली तर तिच्यावर लगेच व्याज लागते का, हेही विचारून घ्यावे.

व्यवहारातल्या दोन गोष्टी आणखी सांगतो. नवी बँक जुन्या कार्डावर पैसे भरीपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात जुन्या बिलाची तारीख आली, तर ती चुकवू नये. नाही तर बदलीआधीच दंड बसायचा. आणि पैसे भरले गेल्यावरही मधल्या दिवसांचे थोडे व्याज पुढच्या बिलात येऊ शकते. शे-दोनशेची ती बाकी ‘सगळे मिटले’ म्हणून दुर्लक्षित राहते आणि तिच्यावर पुन्हा दंड चढतो. जुने बिल शून्यावर आलेले डोळ्यांनी पाहावे, मगच निश्चिंत व्हावे.

आता सगळ्यांत मोठा धोका. बदली झाली की जुने कार्ड रिकामे होते. रिकामे कार्ड खिशात असणे म्हणजे साठ हजार रुपये हातात असल्यासारखे वाटते. मुलगा मोबाइल मागतो, घरात सोफा हवा असतो, आणि सहा महिन्यांत जुन्या कार्डावर पुन्हा चाळीस हजार चढतात. एका कर्जाची दोन कर्जे झाली! बदलीमुळे बुडालेली माणसे बहुधा व्याजाच्या दरामुळे बुडत नाहीत, या दुसऱ्या खरेदीमुळे बुडतात. यासाठी जुने कार्ड बंद करावे, निदान त्याची मर्यादा अगदी कमी करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांत असे ठरवून दिले की, काही देणे उरले नसेल तर ग्राहकाने मागणी केल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद करावे, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत. हा हक्क आपला आहे. तो मागायला संकोच नको.

व्याजाच्या दरावर कायद्याचे काही कुंपण आहे का, असाही प्रश्न मनात येईल. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. बँकेच्या कार्डाला तसे कुंपण नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाचे वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा या बाबतीत आपले रक्षण आपल्यालाच करायचे आहे.

कर्ज दुसऱ्या कार्डावरच न्यावे, असेही नाही. आपल्या महाराष्ट्रात पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था आहेत, प्राथमिक शिक्षकांच्या तर जागोजाग आहेत. तेथील कर्जाचा दर कार्डापेक्षा सहसा पुष्कळ कमी असतो, आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. हे कापणे जाचक वाटले तरी हितकारक आहे. मन डळमळले तरी हप्ता डळमळत नाही. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. कपातीनंतर हाती येणाऱ्या पगारात किराणा, दूध, फी बसते का? ते बसले नाही, तर महिनाअखेरीस पुन्हा कार्डच बाहेर निघते. आणि जामीन म्हणून सही करणारा सहकारी शिक्षक असतो. आपला हप्ता थकला, तर त्याच्या पगाराला कात्री लागते आणि वर्षांचा स्नेह जातो. सोने गहाण ठेवून कार्डाची बाकी मिटवणे हाही एक मार्ग आहे. परंतु तेथे घरच्या लक्ष्मीचे दागिने पणाला लागतात, म्हणून तिच्याशी बोलल्यावाचून ते करू नये.

शेतकरी बंधूंसाठी एक खुलासा अवश्य केला पाहिजे. १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड निराळे. नाव सारखे असले तरी ते पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंतच्या अशा कर्जाचा सवलतीचा दर सात टक्के, आणि वेळेवर फेडले तर केंद्र सरकारच्या सवलतीने तो चार टक्क्यांवर येतो. शहरातल्या दुकानात वापरायचे कार्ड आणि हे कार्ड यांची गल्लत करू नये. पिकाच्या कर्जातून कार्डाची बाकी भरली आणि खताला पैसे उरले नाहीत, असे झाले तर घर आणि शेत दोन्ही अडचणीत येतील.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत कार्डाची बाकी बायकोला नवऱ्याने किंवा नवऱ्याला बायकोने सांगितलेली नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हण आहे. कर्जाच्या बाबतीत झाकलेली मूठ खरोखरच साठ हजारांवरून सव्वा लाखावर जाऊन पोचते! घरातल्या माणसांना आकडा कळला, की चार हात वाचवायला लागतात. गुप्त कर्जाची बदली गुप्तपणेच होते, आणि दुसरी खरेदीही तशीच होते.

शिक्षकमित्रांनो, आपण वर्गात चक्रवाढ व्याजाचे गणित शिकवतो. मुद्दल शंभर, दर दहा, मुदत तीन वर्षे. एखादे दिवशी फळ्यावर मुद्दल साठ हजार आणि महिन्याला साडेतीन टक्के दर मांडून पाहा. पोरे आकडा काढतील आणि चकित होतील. त्यांतला एखादा ते घरी जाऊन बापाला सांगेल. ज्यांच्या खिशात आज असे कार्ड आहे, त्यांनी आज रात्रीच मागचे बिल काढावे, किती रक्कम व्याजात गेली आणि किती मुद्दलात, ते दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत, आणि मग बदलीचा अर्ज करायचा की नाही ते ठरवावे. बदलीने मुदत मिळते. फेड मात्र आपल्यालाच करावी लागते.